देवकाआत्याच्या मापाची बॉडी

आमच्या गावात बायकांच्या बॉडीला कधी ऊन लागत नसे. बॉडी धुतली की दोरीवर टाकायची, तिच्यावर परकर, परकरावर लुगडं. घरात टॉवेल असलाच तर तोही वरून. अशी ती खालच्या खाली दिवसभर कुबट व्हायची आणि संध्याकाळी ओलीच अंगात चढायची. ब्रा हा शब्द मी चंद्रपूरला कॉलेजात गेल्यावर ऐकला. तिथल्या मुलीही तो कुजबुजूनच म्हणत आणि वसतिगृहाच्या गच्चीवर टॉवेलखालीच वाळत घालत. शिक्षणाने तेवढ्यापुरता काही फरक पडलेला नव्हता.

माझी देवकाआत्या मात्र तिच्या बॉड्या पुढच्या अंगणातल्या तारेवर, अगदी रस्त्याच्या बाजूला, चिमटे लावून वाळत घालायची. सिंदेवाहीहून येणारी एस. टी. तिच्या घरासमोरच वळण घ्यायची. नव्या पाहुण्याला पत्ता सांगताना लोक म्हणत, "जिथी तारेवर ते दिसन ना, तिथून डाव्या हाताले." 'ते' म्हणजे काय हे कुणी सांगत नसे, आणि पाहुणा चुकतही नसे.

एकदा पोलीस पाटील स्वतः आले. भला माणूस. तारेकडे पाठ करून, कुंपणाशी बोलल्यासारखे बोलले, "देवकाबाई, जरा ते मांगच्या अंगनात वाळू घालत जा ना. रस्त्यानं मानसं जातेत."

"जाऊ द्या ना भाऊ. माया बॉडीनं कोनाचा रस्ता अडवला?"

"तसं नाई. पर बरं नाई दिसत."

"अन् तुमचं बन्यान दिसून राह्यलं, ते बरं दिसते? त्याले त भोकं हायेत. माया बॉडीले एक बी भोक नाई, पाहून घ्या."

पाटलांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि निघाले. आत्या मागून ओरडली, "चोरीचा माल हाय का माया घरी, मांगं लपवाले?"

हे तिचं नेहमीचं वाक्य. कशालाही लागू पडायचं. हळू बोल म्हटलं तरी तेच, डोक्यावर पदर घे म्हटलं तरी तेच. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. पांढरे कपडे घालून नागपूरला पायी गेलेल्या माणसांत तिचे आई-बाप होते. तेव्हापासून मान खाली घालायची नाही, असं घरात ठरलं. बाकीच्यांनी ते सभेपुरतं, जयंतीपुरतं पाळलं. आत्याने ते कपडे वाळत घालण्यापर्यंत नेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा लवकर वारला. एकुलता मुलगा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये लागला आणि तिकडेच संसार थाटून राहिला. आत्या गावात दोन खोल्यांच्या घरात एकटी. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखलात लावतात, त्याला रोवणा म्हणतात. रोवण्याच्या बायांच्या टोळीची आत्या पुढारी होती. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, ओळीच्या उजव्या टोकाला ती उभी राहायची, आणि तिच्या हाताच्या वेगाने सगळी ओळ मागे मागे सरकायची. कुणाच्या शेतात कधी जायचं, किती बाया न्यायच्या, सगळं तिच्या शब्दावर.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आत्याला 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. वस्तू मापातच पाहिजे. चांभाराकडे ती दोन्ही पाय वेगवेगळे मोजून घ्यायची. तो म्हणायचा, "बाई, पाय सारखेच असतेत." ती म्हणायची, "तू माया पायाहून चालला का कधी?" विळ्याची मूठ हातात बसत नाही म्हणून तिने सुताराला तीनदा परत पाठवलं होतं. आठवडी बाजारातला शिंपी तिला लांबून पाहिलं की मशीनवर झाकण टाकायचा.

अशा बाईला छातीत गाठ झाली.

मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. गावी परत आल्यावर बाया भेटायला आल्या. दारापाशीच बसल्या. आत्याने चहा ठेवला तर एकीने म्हटलं, "आताच पिऊन आलो." दुसरी म्हणाली, "मीनं त सोडलाच चहा." हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, असं तेव्हा सगळेच समजत. आत्याच्या ते लक्षात आलं नसेल असं नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, साखर वाचली." मग सगळ्या जमिनीकडे पाहत बसलेल्या बघून तिनेच विषय काढला.

"काय पाहाचं ते सरळ पाहा ना वं. एक हाय, एक नाई. डॉक्टर म्हने, पूरा काढा लागते. म्या म्हटलं काढा. पर दुसऱ्याले हात लावसान त याद राखा."

कौसल्याबाई म्हणून शेजारीण होती, टोळीत आत्याच्या खालोखाल तिचा मान. ती हळूच म्हणाली, "आता तू घरी बस, देवका. औंदा मी पाहून घेईन रोवण्याचं."

"काऊन? हातानं रोवतेत का छातीनं?"

बोलून तर गेली. पण अडचण खरी होती, आणि ती मला त्या उन्हाळ्यात रोज दिसत होती. जुनी बॉडी घातली की डावी बाजू रिकामी लोंबायची. उजव्या बाजूचं वजन सगळं अंग तिकडे ओढायचं. चालताना खांदा वाकडा व्हायचा. "एक पट्टा कानाले जाऊन राह्यला, दुसरा कोपरावर येऊन राह्यला," असं ती सांगायची, आणि तसंच होतं. बॉडी न घालता वाकलं तर टाके घातलेल्या जागी ओढ बसायची. दिवसभर वाकून मागे सरकायचं काम अशा अंगाने कसं होणार? आणि आत्या टोळीत नसली तर ती गावात कुठे असणार, हे मला सुचेना. बहुतेक तिलाही सुचत नव्हतं.

"रंजू," ती मला म्हणाली, "मले माया आताच्या मापाची बॉडी पाहिजे. रोवन्याच्या आंधी. तू कॉलेजात शिकते. तिथी काय सांगतेत याच्याबद्दल?"

माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र होते. मी म्हटलं, "काहीच नाही सांगत, आत्या."

"मंग दिवसभर काय शिकवतेत तिथी?"

शेवटी मी तिला चंद्रपूरला गोल बाजारात घेऊन गेले. खरं तर तिनेच मला नेलं. तेव्हा बॉडी विकत घ्यायची एक रीत होती. बाईने काउंटरकडे बघत नंबर पुटपुटायचा. दुकानदाराने वर न पाहता खोका काढायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही, असं धरून चालायचं. घालून पाहणं तर दूरच, उलगडूनही कुणी पाहत नसे.

"शेठ, बॉडी दाखवा," आत्या दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली.

"नंबर?" शेठ खाली पाहूनच म्हणाले.

"कोनत्या बाजूचा?"

शेठनी वर पाहिलं. रीत तिथेच मोडली.

"डाव्या बाजूचं आपरेशन झालं. ते सपाट हाय. उजवी तुमच्या समोर हाय. आता तुमीच सांगा नंबर."

दुकानात आणखी दोन बाया होत्या. त्या एकदम भिंतीकडे वळून टॉवेल निवडू लागल्या. मी माझ्या चपलेचा अंगठा पाहत होते. तो किती झिजला आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बाई," शेठ अगदी हळू म्हणाले, "कंपनी तो दोन्ही बाजू सारखीच बनवते."

"मंग एका बाजूचे पैसे कमी करा."

"ऐसा कैसा होगा बाई?"

"नाई होत ना? मंग घालून पाहू द्या. चप्पल घेतानी पायात घालून पाहू देतेत, याले काऊन नाई? चोरीचा माल विकता का?"

आणि शेठनी काही म्हणायच्या आत तिने पदर कमरेला खोचला आणि बॉडी ब्लाउजवरूनच चढवली. आरशासमोर उभी राहिली. दोन्ही हात वर केले. पट्टा घसरला. दुसरी घातली. मग तिला वाटलं असावं की उभं राहून काय कळणार, काम तर वाकून करायचं. ती वाकली. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरली आहे असं समजून उजव्या हाताने फरशीवर रोवू लागली, आणि एक एक पाऊल मागे सरकत काउंटरच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. वाटेत एक स्टूल होतं. शेठनी ते उठून बाजूला केलं.

तो माणूस आधी घाबरला होता, मग ओशाळला होता. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो काउंटरवर कोपर टेकून नीट पाहू लागला. "पीछेका हुक एक आगे लो बाई," तो म्हणाला. "अब झुको." टॉवेल निवडणाऱ्या बायांपैकी एक कधी वळली ते कळलं नाही. ती म्हणाली, "उजवा पट्टा कमी करा, बाई. माझाही तसाच होतो." ही बाई चांगली शहरातली, पर्सवाली. एवढ्या लोकांत ती हे बोलली आणि स्वतःच चकित झाल्यासारखी पुन्हा टॉवेल चाळू लागली.

एकही बरोबर बसली नाही. आत्याने त्यातल्या त्यात बरी घेतली. "उजवीकडून बरी हाय. डावीकडून भरन करू," ती म्हणाली, जशी खड्ड्यात मुरुम टाकायची गोष्ट असावी.

भरण करण्यात तिचे पंधरा दिवस गेले. आधी कापूस भरला. तो हलका. वाकली की वर चढून गळ्यापाशी यायचा. "तिसरं काहीतरी उगवल्यावानी दिसते," ती म्हणाली. मग लुगड्याच्या चिंध्या. त्या घामाने दगडासारख्या बसल्या. तांदूळ भरून पाहिले, त्यांचं घामाने पीठ झालं. शेवटी तिने टरफलासकट धान भरलं. जुन्या धोतराच्या मऊ कापडाची दुहेरी पुरचुंडी शिवली, म्हणजे कुसळं टोचायला नकोत, आणि मूठमूठ धान टाकत घरातल्या तराजूत घातलं. दुसऱ्या बाजूचं वजन कशाने केलं हे मी विचारलं नाही. ते धान अंगाबरोबर हलायचं, वाकलं की खाली यायचं, उभं राहिलं की बसायचं. आत्या अंगणातून सरळ चालत गेली आणि सरळ परत आली. दोन्ही खांदे एका रेषेत. "आता बोलाव कौसल्याले," ती म्हणाली.

रोवणा सुरू झाला आणि आत्या उजव्या टोकाला उभी राहिली. कौसल्याबाईने तोंड वाकडं केलं, पण जागा सोडली. दोघींच्या मध्ये मात्र आणखी एक बाई मावेल एवढं अंतर ठेवलं. ते अंतर आत्याने पाहिलं आणि त्या जागेतही स्वतःच रोवलं.

रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून मी गावी आले होते आणि ओळीत उभी होते. आठवडाभर पावसाची झड लागली होती. कुणाचेच कपडे वाळत नव्हते. आत्या रोज संध्याकाळी बॉडी धुवायची, पण पुरचुंडी आतून ओलीच. सकाळी पिळून तीच पुन्हा आत. दुपारी आम्ही बांधावर मोहाच्या झाडाखाली जेवायला बसलो, तेव्हा ती सारखी अंग हलवत होती.

"काय तरी टोचून राह्यलं," ती म्हणाली. "जळू असन, पाहा वं कोनी."

कुणी उठलं नाही. मग तिने ब्लाउजमध्ये हात घातला आणि पुरचुंडी बाहेर काढली. कापडातून चहूबाजूंनी पांढरे कोंब निघाले होते.

आम्ही सगळ्या धान पिकवणाऱ्या. धान भिजवलं, पोत्यात बांधून उबेला ठेवलं की कोंब फुटतात हे आमच्याकडे शेंबडं पोर जाणतं. दरवर्षी आम्हीच हे करतो. पण हे असं होईल हे आत्याला सुचलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं, कुणालाच नाही. सगळ्यांचे घास हातातच. मला वाटलं, आता ही रडेल. आता ही घरी जाईल आणि पुन्हा येणार नाही.

आत्याने पुरचुंडी डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिली. मग सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"कोनाले पऱ्हे कमी पडले असन त सांगून ठेवा," ती म्हणाली. "माया वाफा जोरात हाय."

कौसल्याबाईला ठसका लागला. तोंडातला भात उडाला. मग जे हसणं सुटलं ते पलीकडच्या बांधीतल्या नांगरवाल्याने बैल थांबवून काय झालं विचारावं एवढं. कौसल्याबाई उठून जवळ आली, पुरचुंडी हातात घेतली. "माय वं, खरंच उगवलं! एक बी दाना वाया नाई!" ती सगळ्यांच्या हातातून फिरली. कुणी म्हणालं हे बारीक लुचई धान आहे, कुणी म्हणालं नाही, जाडं ठोकळ आहे. त्यावर भांडण झालं. आत्या म्हणाली, "घरची लुचई हाय. छातीशी धरली तवा काय हलकं बियानं धरीन का?"

"अवं, पर उकडून भराचं ना," कौसल्याबाई म्हणाली. "उकडलेल्या धानाले कोंब फुटते का?"

"हे आंधी सांगाचं होतं."

"तू इचारलं का आंधी?"

आत्याने ते कोंब बांधीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने रोवले आणि उरलेला दिवस घसरणाऱ्या पट्ट्याला शिव्या देत काम केलं. रात्री तिने धान उकडलं. त्यानंतर मात्र काही उगवलं नाही, आणि तिने रोवणा शेवटपर्यंत ओढला. गावात वर्षभर तिला लोक विचारत, "काय देवकाबाई, पीक कसं काय?" ती सांगायची, "एकच बाजू पेरली भाऊ, दुसरी पडीत हाय." मग विचारणाराच पळायचा.

पण बॉडी अजून मापाची नव्हतीच. उजवा पट्टा रुतून खांद्यावर काळा वळ पडला होता. पुरचुंडी हलली की व्रणावर घासायची. वसतिगृहाजवळ एक शिवणकाम करणारी बाई राहायची. मी बरेच दिवस तिच्या दारावरून नुसती जात-येत होते. एकदा धीर करून सांगितलं. ती म्हणाली, आतून खिसा लावून शिवून देईन, दोन्ही बाजू वेगळ्या कापीन, पण माप नीट आण. कुठून कुठे मोजायचं ते तिने माझ्याच अंगावर दाखवलं आणि टेप दिला. दिवाळीच्या सुट्टीत तो टेप घेऊन मी गावी आले.

त्याच दिवशी बल्लारपूरहून आत्याचा मुलगा, सून आणि त्यांचं लहान पोर आलं होतं. आत्याने खीर केली होती. पोर सुनेच्या कडेवर होतं. आत्याने दोन्ही हात पुढे केले. सून चांगली, आवाज न चढवणारी. ती म्हणाली, "राहू द्या आई, तुमचा हात दुखन." मुलगा अंगणातल्या तारेकडे पाहत होता. आत्या हात तसेच पुढे धरून म्हणाली, "हो, लय जड झाला हा," आणि त्याच हातांनी पातेलं उचलून चुलीवरून खाली ठेवलं. दुपारच्या गाडीने ते परत गेले.

गाडी वळणावरून गेली तशी आत्या म्हणाली, "चाल रंजू. काय मोजाचं ते मोजून घे."

आतल्या खोलीत तिने ब्लाउज काढला. लाज वगैरे काही नाही. उभी राहिली आणि बोलत राहिली. त्या शिवणवाल्या बाईला सांग, पट्टे रुंद पाहिजेत. कापड मांजरपाटाचं नको. पांढराच रंग. खिसा वरून उघडा ठेव म्हणाव, नाहीतर धान काढू कसं, आणि तिला म्हणाव, मी काही म्हातारी नाही, गोधडीसारखं शिवून देऊ नको. मी टेप तिच्या पाठीमागून पुढे आणला. एक टोक उजव्या बाजूला धरलं आणि दुसरं डावीकडे न्यायचं होतं, म्हणून तिथे बोटं टेकवली. कातडी पातळ होती, बरगडीला चिकटलेली, आणि गरम होती.

आत्या बोलता बोलता थांबली. वाक्य अर्धंच राहिलं.

मी तिला असं थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, दुखवलं. बोटं उचलली.

"दुखते का, आत्या?"

"नाई."

मी पटकन सगळी मापं घेतली, मनात घोकली आणि टेप गुंडाळू लागले. ती तशीच उभी होती, भिंतीकडे पाहत. ब्लाउज हातात, पण घालत नव्हती.

"झालं?" ती म्हणाली.

"हो."

"नीट मोजलं का?"

"नीट मोजलं."

तिने हातातला ब्लाउज खाली ठेवला. मग म्हणाली, "एकडाव आखीन मोजून पाह ना, बाई. चुकलं असन."

मी टेप उलगडला आणि पुन्हा लावला. या वेळी घाई केली नाही.